अप्पा, शेत विकायचं नाही

एस्लिंगन, स्टुटगार्टजवळ

ती. अप्पा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर या विषयावर धड बोलणं होत नाही. अप्पा दोनदा ‘हां, हां’ करून फोन आईकडे देतात आणि आई डोळ्यांना पदर लावते. म्हणून लिहून पाठवतेय. दादा वाचून दाखवेल. आई, मधेच चहा ठेवायला उठू नकोस.

घर घेतलं. सह्या झाल्या. तीन खोल्यांचा जुना फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर, खाली नेकार नदी. हे तुम्हाला कळलं आणि चार दिवसांत दादाकडून मला कळलं की रस्त्यालगतच्या दोन एकरांसाठी चोपड्याचा दलाल येऊन मोजमाप विचारून गेला. अप्पा, माझ्या घरासाठी शेत विकायचं नाही. त्याला आधी नाही म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

पैशाचं आधी सांगते, कारण तुमची झोप त्यानेच उडालीय. किंमत ४ लाख युरो. युरोला शंभर रुपये धरले तर ४ कोटी. दचकू नका, पगारही युरोतच येतो. बँक सहसा फार तर घराच्या किमतीपुरतं कर्ज देते. वरचा खर्च आपला आपण काढायचा, आणि खरी मेख तिथे आहे. आमच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात खरेदीवर ५ टक्के कर. शेजारच्या बायर्नमध्ये तोच साडेतीन, पण नोकरी इकडे. नोटरी आणि नोंदणी मिळून दोनेक टक्के. दलालाचे ३.५७ टक्के, हा आमचा निम्मा वाटा; २०२० च्या डिसेंबरपासून इथे कायदाच झाला की दलाली विकणारा आणि घेणारा यांनी वाटून घ्यायची. सगळं मिळून ४२ हजार युरोंच्या आसपास गेले आणि त्यातून घरात एक खिळासुद्धा वाढला नाही. हे पैसे आम्ही दोघांनी पगारातून बाजूला टाकत आणले होते. उरलेलं कर्ज. व्याज १५ वर्षांसाठी बांधून घेतलंय, म्हणजे बाजारात काहीही झालं तरी तोवर हप्ता हलत नाही. आणि १० वर्षं झाली की सहा महिने आधी कळवून दंड न भरता फेडून टाकता येतं. २०२१ मध्ये इथे व्याज एक टक्क्याच्या आसपास होतं, आम्हाला साडेतीनच्या पुढे पडलं. पण तेव्हा आमच्याकडे कायमच्या वास्तव्याचा परवाना नव्हता आणि तो नसला की बऱ्याच बँका नुसत्या गोड बोलतात.

आता तुमचे पैसे. कायद्याने तुम्ही ते पाठवू शकता. भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची मुभा आहे, घरासाठीसुद्धा. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते, तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो. त्यामुळे अडचण पाठवण्याची नाही. अडचण अशी की मी अनिवासी आहे, आणि अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं, शेत नाही. वारसाने आलं तर ठेवता येतं. म्हणजे आज तुम्ही माझ्यासाठी दोन एकर काढले आणि उद्या माझ्याकडे त्याच्या दुप्पट पैसे आले, तरी तो तुकडा मला परत घेता यायचा नाही. आणि मी घ्यायचं म्हटलं तरी रस्त्यालगतची काळी जमीन कोण परत देतो? तिथे प्लॉट पडतील, दोन वर्षांत मंगल कार्यालय उभं राहील.

शिवाय ते शेत पिकवतो कोण? दादा. गेल्या वर्षी केळीच्या भावाने त्याला कसं रडवलं ते वहिनीने मला सांगितलंय. घड कापायला आले आणि व्यापारी फोन उचलेनात. तरी त्याने ठिबकच्या नव्या नळ्या टाकल्या त्या याच दोन एकरांत. बहिणीच्या परदेशातल्या फ्लॅटसाठी भावाच्या हातातलं पीक काढून घ्यायचं, हे मला पटत नाही. जमीन आजोबांची, म्हणून तिच्यात माझाही हिस्सा आहे. दादाला हक्कसोडपत्र हवं असेल तर त्याने नुसतं सांगावं, मी सही करून देईन. विकण्यासाठी मात्र माझी सही मिळणार नाही. आणि आईच्या नावावरचा एकर तर तुम्ही मनातसुद्धा धरू नका, तिने दलालाला ओट्यावरूनच परत लावलं असतं.

त्यावरून आठवलं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला बायकांच्या नावावर जमिनी झाल्या, आणि ते पाहून आल्यावर अप्पांनी आईच्या नावावर एकर केला, ही गोष्ट आई मला लहानपणापासून सांगते. गावात लोक हसले होते, तेही सांगते. अप्पा, तुम्ही विचारलंत, घर जावयांच्या नावावर आहे ना? नाही. निम्मं माझ्या, निम्मं त्याच्या. इथल्या जमीन-नोंदणीच्या वहीला ग्रुंडबुख म्हणतात, तुमच्यासाठी इथला सातबाराच समजा. पहिल्या भागात मालक, दुसऱ्यात वाटेचे वगैरे इतरांचे हक्क, तिसऱ्यात बँकेचा बोजा. पहिल्या भागात माझं नाव पूर्ण येणार आहे, १/२ असा हिस्सा लिहून. कुणाची पत्नी म्हणून नाही.

सही नोटरीसमोर होते. चोपड्याला तहसीलबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारे नोटरी डोळ्यांसमोर आणू नका. इथला नोटरी दोन्ही बाजूंचा, कुणा एकाचा नाही, आणि त्याच्याशिवाय घराचा व्यवहार कायद्याने होतच नाही. मसुदा आधीच हातात देतात. मग समोर बसवून अख्खा करार मोठ्याने वाचतात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. भाषा येत नसेल तर दुभाषा बसवावा लागतो. आमचे नोटरी एका दमात वाचत होते, पाण्याचा घोट घ्यायचा तेवढेच थांबायचे. तळघरातल्या आमच्या खोलीचा क्रमांक आला तेव्हा विकणाऱ्या आजींनी हात वर केला: तो क्रमांक शेजाऱ्यांचा आहे. नोटरींनी चष्मा काढला, नकाशा उघडला, आकडा खोडून नवा लिहिला आणि पुन्हा जिथे थांबले होते त्या शब्दापासून सुरू. जाऊबाईंच्या लग्नातले भटजी आठवले मला, मंत्र गाळायचे नाहीत.

पैसे त्या दिवशी द्यायचे नसतात. आधी वहीत आमच्या नावाची आगाऊ नोंद होते, म्हणजे मधल्या काळात ते घर आणखी कुणाला विकलं तरी आमचा हक्क पुढे. नोटरीचं ‘आता भरा’ असं पत्र आलं की बँक पैसे सोडते. कर भरल्याचा दाखला आला की मग मालकी. एकाच गटाचा इसार तिघांकडून घेतल्याची प्रकरणं तुम्ही पंचायतीत निस्तरलीत, तुम्हाला हे आवडेल.

आता आईचं. तू म्हणालीस, “तठे घर लिधं, मंग आते आठे कसाले येशी तू?” यावर मी फोनवर हसले, पण उत्तर दिलं नाही. आई, घर घेतल्याने इथलं नागरिकत्व मिळत नाही. राहायचा हक्कसुद्धा घरामुळे मिळत नाही, तो नोकरीमुळे मिळालाय. २०२४ पासून जर्मनी दोन पासपोर्ट ठेवू देते, भारत देत नाही, आणि माझा निळा पासपोर्ट सोडायचा विचार आज तरी नाही. पण खोटं सांगून तुझं समाधान करणार नाही. पुढची दहा-बारा वर्षं आम्ही इथेच असू. मुलीची शाळा आहे, त्याचं काम आहे, माझं आहे. घर घेतलं नसतं तरी इथेच असतो, फक्त भाडं भरत. आखाजीला दरवर्षी माहेरी यायचं ठरवलं तर शाळेची सुट्टी जुळत नाही, त्यामुळे उन्हाळा संपल्यावर येऊ, श्रावणात, कानबाईच्या सणाला.

तुम्हाला कायमचं इकडे आणण्याचंही बघितलं. मार्च २०२४ नंतर ज्यांना इथला परवाना पहिल्यांदा मिळाला, अशा काही नोकरदारांना आई-वडिलांना बोलावता येतं. माझा परवाना त्याआधीचा, म्हणून ते दार बंद. पाहुणे म्हणून १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. अप्पांना तिसऱ्या आठवड्यात विहिरीच्या मोटारीची काळजी लागेल हे माहीत आहे, तरी या. दुखण्याखुपण्याचं दादा-वहिनी बघतात, आणि मी पैसे पाठवून माझा वाटा उचलला असं समजत नाही. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरवा, मी महिनाभर रजा घेऊन येते. वहिनीला तेवढे दिवस तिच्या माहेरी जाऊ द्या.

घराबद्दल थोडं. अप्पा, दिवाणखाना दक्षिणेकडे आहे. यमाची दिशा म्हणून तुम्ही मान हलवाल, पण इथे हिवाळ्यात सूर्य आला तर दक्षिणेकडूनच, आणि त्या उन्हासाठी लोक जास्त पैसे मोजतात. ज्या उन्हाला कंटाळून आपण मे महिन्यात दारं लावून बसतो ते इथे विकत मिळतं! स्वयंपाकघर आजींकडून वेगळे पैसे देऊन घेतलं, कारण इथे घर सोडताना पुष्कळ लोक ओटा, कपाटं, शेगडी, सिंक सगळं उपटून नेतात. ज्योतीचा गॅस नाही. भरताची वांगी ओव्हनमध्ये भाजते, तेल कमी पितात पण धुराचा वास येत नाही. गॅलरीत कोळसा पेटवायला सोसायटीच्या नियमात बंदी आहे. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, त्यामुळे कुलदेवीचा फोटो अजून खुर्चीवर आहे.

आई, येताना कळण्याचं पीठ आण, पण शिवलेल्या पिशवीत. लोणचं नको, गेल्या खेपेला विमानतळावर सगळ्या बॅगा तेलकट झाल्या होत्या. व्हिसासाठी दादाला तुमचे पासपोर्ट काढून बघायला सांग, मुदत संपत आली असेल तर आत्ताच अर्ज टाका. आणि अप्पा, सोयऱ्याधायऱ्यांत ४ कोटींचा आकडा सांगत फिरू नका. पुढची कित्येक वर्षं घरातला मोठा वाटा बँकेचाच आहे, आणि मामा उसने मागायला लगेच फोन करतील.

तुमची,
बेबी