पेट्रोलची टेस्ट सांगितली होती, तुम्ही पाणी जड का हलकं ते सांगितलं

प्रति,
मॅनेजर साहेब, तक्रार विभाग

विषय : विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आणि त्यावरचा "पिण्यायोग्य" शेरा

नमस्कार साहेब,

मी नाशिक जिल्ह्यात हायवेला खानावळ चालवते, तुमच्या लॅबला जूनमधे चार सॅम्पलचे 14,500 रुपये आधीच पाठवलेत, पावती माझ्याकडे आहे. फोनवर तीनदा बोलले, दर वेळी नवीन मॅडम आणि दर वेळी "मेल करा", म्हणून हे लिहितेय. मराठीतच लिहितेय, वाचून घ्या कुणाकडून तरी.

आधी काय झालं ते सांगते, कारण तुमच्या मॅडमना वाटतंय मी पाणी खारट लागतं म्हणून भांडतेय. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला पेट्रोल पंप आहे, माझ्या पावलांनी ऐंशी पावलं. जुना पंप आहे. नवीन पंप वस्तीपासून, शाळा-दवाखान्यापासून 50 मीटर लांब पाहिजे असं केंद्रीय प्रदूषण मंडळाने 2020 मधे काढलं, हा त्याच्या कितीतरी आधीचा. मृगाचा पहिला पाऊस झाला आणि दोन दिवसांनी सकाळी मोटर चालू करायला गेले तर विहिरीवर पेट्रोलचा वास, असा की मागे सरकले. पाण्यावर रंगीत तवंग. त्याच दिवशी एका ड्रायव्हरने चहा परत केला, म्हणाला ताई चहात रॉकेल पडलंय का. बावीस वर्षांत माझा चहा कुणी परत केला नव्हता. त्या दिवसापासून टँकरचं पाणी घेतेय.

पंपवाले भाऊ वाईट माणूस नाहीत, मुद्दाम कुणी पेट्रोल जमिनीत सोडत नाही. ते म्हणाले, वहिनी रोज सकाळी डिप घेतो, म्हणजे टाकीत दांडी बुडवून पातळी मोजतो, दांडीला पेस्ट लावून आत पाणी शिरलंय का बघतो, हिशोब लागतो, गळती असती तर कळली असती. मला पण पटलं होतं तेव्हा. पण माझी भाची केमिस्ट्रीत एमएससी आहे, पुण्याला असते, तिने फोनवर हिशोब करून दाखवला. वीस हजार लिटरची आडवी टाकी निम्मी भरलेली असेल तर डिपरॉडवर एक मिलिमीटरचा फरक म्हणजे बारा-तेरा लिटर, आणि पेट्रोल एक डिग्री गरम झालं तर दहा हजार लिटरमागे दहा-बारा लिटर फुगतं, मग दिवसाला तीन लिटर झिरपत असेल तर ते डिपमधे दिसणार कसं? वर्षाला हजार लिटरच्या वर जातं ते. पाणी आत शिरलं तर पेस्टचा रंग बदलून कळेल पण उन्हाळ्यात पाण्याची पातळी टाकीच्या खाली असते, तेव्हा आत काही येत नाही, बाहेरच जातं. म्हणून तर विहिरीचं पाणी तपासायचं असतं आणि म्हणून तर तुमच्याकडे आले.

आणि मी काय तपासायचं ते नीट सांगितलं होतं. व्हॉट्सॅपवर आहे, 11 तारखेचा मेसेज, "पेट्रोलपंपाजवळची विहीर, पेट्रोल मिसळलंय का बघायचं, बेंझिन वगैरे". तुमच्याकडून उत्तर आलं "ओके मॅम, बीटेक्स आणि टीपीएच, होऊन जाईल". हे शब्द तुमचे आहेत, मला तर तेव्हा माहीत पण नव्हते, बीटेक्स म्हणजे बेंझिन, टोल्युइन आणि त्यांची भावंडं, टीपीएच म्हणजे पाण्यातलं एकूण पेट्रोल-डिझेल, हे नंतर कळलं.

मग तुमचा पोरगा आला. दुपारी दीड वाजता, पावसाने उघडीप दिलेली, ऊन मी म्हणत होतं. साहेब, त्याच्याकडे बाटल्याच नव्हत्या! त्याने माझ्या फ्रीजमधल्या चार पाण्याच्या बाटल्या विकत घेतल्या, हो विकत, वीस रुपयाने, मी पैसे पण घेतले आणि आता लाज वाटते, त्यातलं पाणी झाडांना ओतलं आणि विहिरीचं आणि शेजारच्या तीन बोअरचं पाणी भरलं. बादलीतून. पाऊण पाऊण. नंतर मिसळ खाल्ली, बाटल्या पाऊण तास टेबलावर उन्हात, मग कॅरीबॅगमधे घालून हँडलला लटकवून गेला. पोरगा चांगला होता, ताई ताई करत होता, त्याच्यावर राग नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली, आत्या, बाटली कसली होती? तिचं म्हणणं असं की पेट्रोलमधलं बेंझिन उडून जाणारं असतं, त्यासाठी चाळीस मिलीची छोटी काचेची बाटली लागते, झाकणाला आतून टेफ्लॉनचा पडदा, काठोकाठ भरायची, उलटी करून टकटक केलं तर एक बुडबुडा दिसता कामा नये, आत थोडं ॲसिड आणि लगेच बर्फात. बाटलीत वर हवा ठेवली की बेंझिन पाण्यातून त्या हवेत जातं, झाकण उघडलं की गेलंच. म्हणजे तुमच्या लॅबपर्यंत माझ्या विहिरीचं जे पोचलं ते वाटेत हवा खाऊन आलेलं पाणी.

तेही एक वेळ सोडून देऊ. रिपोर्ट काय आलाय बघा, अकरा दिवसांनी. पीएच 7.4, टीडीएस 612, हार्डनेस, क्लोराईड, सगळं छान टाईप केलेलं. बेंझिनची ओळच नाही. टोल्युइन नाही, टीपीएच नाही. फोनवर मॅडम म्हणाल्या "ऑइल अँड ग्रीस केलंय ना, बीडीएल आहे". साहेब ही टेस्ट तुम्ही हेक्झेनमधे, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या उडत्या द्रवात, तेल उतरवून आणि मग हेक्झेन उडवून, खाली काय राहिलं त्याचं वजन करता ना? मग हेक्झेन उडवताना पेट्रोल काय बसून राहणार आहे का? त्या टेस्टमधे वंगण सापडेल, माझ्या भजीचं तेल सापडेल, पेट्रोल सापडणार नाही. आणि बीडीएल म्हणजे मोजता येईल त्याच्या खाली, पण कितीच्या खाली, तो आकडा कुठे आहे?

वासाच्या रकान्यात "ॲग्रिएबल" लिहिलंय. कुणी घेतला हो वास?

आणि सगळ्यात शेवटी शेरा, "सॅम्पल पिण्यायोग्य आहे". माझी खरी तक्रार या दोन शब्दांची आहे, पैशाची नंतर. हे दोन शब्द घेऊन पंपवाले भाऊ ग्रामपंचायतीत गेले. आधी ते तयार झाले होते, टाकीची प्रेशर टेस्ट करून घेतो आणि पंप आणि विहिरीच्या मधे दोन छोट्या निरीक्षण बोअर घेऊ म्हणत होते, आता म्हणतात लॅबनेच सांगितलंय मग कशाला खर्च. शेजारच्या बोअरवाल्यांनी परत तेच पाणी प्यायला सुरुवात केली, त्यांच्याकडे लहान मुलं आहेत. वास पण आता कमी झालाय, त्यामुळे सगळ्यांना वाटतं गेलं. पण बेंझिन वासाने कळण्याच्या कितीतरी आधी नडतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे आणि पेट्रोलमधे बेंझिन एक टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन साधारण पावणेनऊ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. माझ्या विहिरीत भर पावसाळ्यात अडीच लाख लिटर असेल. कॅन्सर करणारी वस्तू आहे ही, लिंबू सरबत नाही.

आणि एकदा तपासून भागत पण नाही, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं, मी तुम्हाला सांगतेय. आमच्याकडे वर मुरूम आणि खाली काळा पाषाण, पाणी भेगा-भेगांनी जातं, त्यामुळे जवळची बोअर स्वच्छ आणि लांबची खराब असं होऊ शकतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पेट्रोल मुरमाला चिकटून राहतं आणि पावसात पातळी वर आली की परत उचललं जातं, म्हणून पहिल्या पावसात वास आला. पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा, वर्षानुवर्षं बघावं लागतं.

तर आता मला काय पाहिजे. तो "पिण्यायोग्य" शेरा लेखी मागे घ्या, तुमच्या लेटरहेडवर, आणि एक कॉपी थेट ग्रामपंचायतीला पाठवा कारण माझ्या हातून गेली तर म्हणतील हिनेच टाईप केली. मग चारही सॅम्पल परत घ्या, फुकट, बरोबर बाटलीत, आणि बेंझिन, टोल्युइन, इथाईलबेंझिन, झायलीन, टीपीएच आकड्यात द्या. जर तुमच्याकडे त्याचं मशीन नसेल किंवा एनएबीएलने (लॅबना मान्यता देणारी संस्था) तुम्हाला दिलेल्या मान्यतेत हे बसतच नसेल तर तसं सरळ सांगा आणि 14,500 परत करा, मी दुसरीकडे करून घेईन, राग धरणार नाही. पण पंधरा दिवसात यातलं काहीच झालं नाही तर 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाकणार आहे, व्हॉट्सॅपचे स्क्रीनशॉट आणि त्या पोराने हँडलला बाटल्या लटकवल्याचा फोटो पण आहे, माझ्या मुलाने गंमत म्हणून काढला होता.

पोराला पाठवाल तेव्हा सकाळी लवकर पाठवा, मोटर सुरू करायच्या आधी. बर्फ नसेल तर इथे आहे, आइसबॉक्स मात्र तुमचा आणा.

आपली,
खानावळवाली (नाव, नंबर आणि पावती वर मेलमधे जोडलंय)