सूचना: टॉर्चसाठी मऊ हँड माउंट घेताना

रात्रीच्या स्कूबा डाइव्हआधी नवीन माउंट (टॉर्च हाताच्या पाठीवर धरून ठेवणारा मऊ पट्टा) घेणाऱ्यांनी आपली टॉर्च आणि ग्लोव्ह सोबत नेऊनच माप बघावं. उघड्या हाताला घट्ट बसणारा पट्टा ३ मिमीच्या ग्लोव्हवर चढत नाही. उलट, खोलीवर ग्लोव्हचं निओप्रीन (फेसासारखं रबर) दबतं आणि वर नीट बसलेला पट्टा खाली सैल पडतो. म्हणून ताणता येणारी बंजी दोरी असलेला माउंट वेल्क्रोपेक्षा बरा. वेल्क्रोत वाळू अडकली की पकड जाते.

टॉर्चची जाडी मोजा, लांबीही बघा. मागचं टोक मनगटावर येत असेल तर हात वाकत नाही आणि ते तिथल्या डाइव्ह कॉम्प्युटरला (खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) धडकतं. पुढचं टोक बोटांच्या सांध्यांच्या किंचित पुढे हवं. बटण त्याच हाताच्या अंगठ्याने दाबता आलं पाहिजे.

माउंट डाव्या हातावर, उजवा मोकळा. मात्र इन्फ्लेटर (जॅकेटमधली हवा कमी-जास्त करायची नळी) वर धरताना झोत बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, डोळ्यांत जातो. आधी टॉर्च उजव्या हातात घ्या. त्यासाठी माउंट एका हाताने, न बघता निघायला हवा. किनाऱ्यावर ग्लोव्ह घालून करून बघा. बोल्ट स्नॅप (अडकवायचा हुक) टॉर्चलाच बांधा, माउंटला नाही: शिवण उसवली तर टॉर्च तळाला.

डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा.