पाकिटाची मागची बाजू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाकीटबंद पदार्थ घरातून हद्दपार करा, हा आपल्या रविवारच्या पुरवणीतला सल्ला वाचला. सल्ला देणाऱ्यांच्या घरी ओट्यापाशी कुणीतरी मोकळं उभं असणार! इथे बडोद्यात फतेगंजात पीजी म्हणून राहणारी विद्यापीठातली मुलं किंवा मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून दुसरी पाळी उरकून येणारी माणसं पाकीट फोडणारच. मग कोणतं फोडावं आणि त्यात काय घालावं, एवढं तरी सांगायला हवं.

पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तसा नियमच आहे. पुढे 'मल्टिग्रेन' लिहून ओंब्या रंगवलेल्या, आणि मागे यादीत पहिला मैदा, असंही आढळतं. मिठाचं मात्र जरा आडवळणाचं आहे. तिथे मीठ नाही, सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणायचं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ; आणि मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हेही बघावं लागतं. नूडल्समधलं पुष्कळसं मीठ मसाल्याच्या पुडीत असतं. ती अर्धीच टाकावी, वर मूठभर मटार, गाजर, चालत असेल तर अंडं.

गोठवलेल्या मटाराला नाकं का मुरडतात, कळत नाही. तोडल्यावर लगेच गरम पाण्यातून काढून गोठवलेला तो मटार. ऐन मे महिन्यात खंडेराव मार्केटातल्या सुकल्या शेंगा सोलत बसण्यापेक्षा तोच बरा. हांडव्याचं (डाळ-तांदळाच्या खमंग गुजराती केकचं) तयार पीठ आणून त्यात भरपूर दुधी किसला, तर आमच्या शेजारच्या बेनसुद्धा नाव ठेवत नाहीत. खाखरा भाजलेला असतो, तळलेला नाही. सोबत वाटीभर दही आणि काकडी घेतली की संध्याकाळची भूक भागते. त्यावर शेव मात्र भुरभुरू नये. (हे बडोद्यात सांगणं धाडसाचंच!) आणि घरचं लोणचं, घरचे पापड म्हणून त्यांतलं मीठ काही माफ होत नाही.

एक विनंती. पुरवणीत दर आठवड्याला एखाद्या नेहमीच्या पदार्थाच्या पाकिटाची मागची बाजू मोठ्या टायपात छापून समजावून द्याल का? चष्मा लावूनही ती अक्षरं लागत नाहीत.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे