डासांच्या खोलीसाठी: केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

लोक डास मारतात, मी पाळतो. घरच्यांना हे अजून पचलेलं नाही. पाळतो ते अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी, मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढून हिवताप पसरवणारे.

त्यांच्या कुठल्या जनुकाचं काम काय, हे शोधायची आमची रीत अशी: त्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए बनवायचा आणि गार करून सुन्न केलेल्या मादीच्या छातीत काचेच्या बारीक सुईने टोचायचा. मात्रा लिटरच्या काही अब्जांशांएवढी. पेशीला वाटतं विषाणू शिरला. ती तो आरएनए चिरते आणि त्याच तुकड्यांवरून जुळवून त्या जनुकाचा स्वतःचा निरोपही, म्हणजे प्रथिन बनवायची सूचना नेणारा आरएनएही, कापते. जनुक जागेवरच असतं, फक्त त्याची बोलती बंद. पिल्लावळीत हे उतरत नाही, त्यामुळे 'जनुक बदललेले डास सोडता का?' या प्रश्नाचा इथे संबंध नाही.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेने आफ्रिकेतल्या अ‍ॅनोफिलिस गॅम्बीत टेप-१ हे जनुक असंच गप्प केलं. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आला: उंदरांच्या हिवतापाचे परजीवी मादीच्या पोटात पाचेक पट वाढले. म्हणजे एरवी डासच त्यातले बरेचसे मारत होता!

याला अवाढव्य यंत्र लागत नाही. लागतात रोजचे ताजे डास. म्हणजे २७ अंशांची दमट खोली आणि रविवारीही अळ्यांना माशांचं खाद्य घालणारा माणूस. डेंग्यूच्या एडिसची अंडी कागदावर वाळवून महिनोन्महिने ठेवता येतात. अ‍ॅनोफिलिसची वाळली की मेली.

आमचा एक प्रकल्प मार्चमध्ये संपला, पुढचा मंजूर झाला ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात पगार थांबला आणि आमचा साहाय्यक दुसरीकडे गेला. त्याला दोष कसा द्यायचा? मे महिन्यात एका शनिवारी रात्री वातानुकूलन बंद पडलं. सोमवारी जाळीच्या पिंजऱ्यांत तळाशी नुसता थर होता. चार वर्षं जपलेला वाण गेला. नव्या प्रकल्पाचे पहिले सहा महिने तो पुन्हा उभा करण्यात गेले. प्रगती अहवालातल्या 'साध्य' या रकान्यात मी 'डास' असं लिहिलं. अहवाल परत आला.

मागणी मोठी नाही. डासघराचा खर्च प्रकल्पांच्या मुदतीपासून तोडा. एक कायम साहाय्यक, एक जनित्र आणि त्याच वाणाची दुसरी वसाहत दुसऱ्या शहरात, एवढं द्या.

आपला,
एक कीटक संशोधक