काका, त्या नऊ दिवसांसाठी

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही हे ठाऊक आहे. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही मला जे समजावलंत ते दाव्यात अडकलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

31 ऑगस्टला मी, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीच्या टेबलाशी आले. पिशवीत समन्स होतं, दाव्याची प्रत होती आणि तीनच दिवसांपूर्वी झालेला, कैफियतीशिवाय, म्हणजे दाव्याला माझं लेखी उत्तर न घेताच, दावा पुढे चालवण्याचा आदेश होता. माझे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि राहत्या घराच्या जागेवर चुलत दिरांनी दावा लावला होता. मला रडू आवरत नव्हतं. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात आणि एवढंच विचारलंत, "ताई, समन्स हातात कधी पडलं?"

मी पुढची तारीख सांगितली. तुम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारलात. तेव्हा कुठे मला आठवलं: 11 जून, दुपारी कोर्टाचे बेलिफ समन्स घेऊन आले होते, मीच सही केली होती.

समन्सवर 24 जुलै ही तारीख होती. तोवर काही करायचं नाही, असं मी धरून चालले होते. ज्यांना वकीलपत्र दिलं होतं तेही "तारखेला बघू" एवढंच म्हणायचे. तारीख आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तुमच्याकडून कळलं. तारीख कोर्ट देतं आणि ती पुढे जात राहते. मुदत कायद्याने ठरलेली असते आणि ती समन्स बजावल्यापासूनच चालू होते, कोर्टात आपला पुकारा होवो वा न होवो. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कैफियत 30 दिवसांत द्यायची. कोर्टाने कारणं नोंदवून वेळ वाढवली तरी 90 दिवसांपर्यंत.

मग तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलंत. समन्स मिळाला तो दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. जूनचे 19, जुलैचे 31, ऑगस्टचे 31. एक्याऐंशी. "9 सप्टेंबरला नव्वद भरतात. नऊ दिवस आहेत आपल्याकडे," असं म्हणालात. त्या "आपल्याकडे" या शब्दाने मला किती आधार दिला, ते तेव्हा बोलता आलं नाही.

वकिलाची फी कुठून आणू, या काळजीने मी आधी आले नव्हते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्न पाहिलं जात नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हे वाचणाऱ्या एखादीला माहीत नसेल तर तिने 15100 या क्रमांकावर फोन करावा. तुम्ही लगेच माझा अर्ज भरून घेतलात. आधीच्या वकिलांकडे ना-हरकत मागायला माझा धीर होत नव्हता, तेव्हा काय बोलायचं तेही सांगितलंत. त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाहीत.

समितीने दिलेल्या, तिच्या पॅनेलवरच्या वकीलताईंनी कैफियत लिहिली, पण तिच्यासाठी माझी तयारी तुम्ही करून घेतलीत. मी म्हटलं होतं, "सगळं खोटं आहे, एवढं लिहिलं की झालं." तुम्ही दाव्याचं एकेक कलम वाचायला लावलंत. हे खरं का? यातलं किती खरं? याला कागद कुठला? जी गोष्ट आपण नेमकेपणाने नाकारत नाही ती कबूल केली असं धरलं जाऊ शकतं, हे ऐकून मी हादरले. सहाव्या कलमात दिरांनी एक जुनी वाटणी झाल्याचं घुसडलं होतं आणि मी ते वाचून पुढे गेले होते. तुम्ही थांबवलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं.

7 सप्टेंबरला कैफियत दाखल झाली, सोबत आधीचा आदेश रद्द करण्याचा अर्ज. उशिराचं कारण जसं घडलं तसंच लिहा, असं तुम्ही बजावलं होतं. मी खर्चाची रक्कम भरावी या अटीवर कोर्टाने कैफियत घेतली. नव्वद दिवसांनंतरही अगदी अपवाद म्हणून ती घेतली गेल्याची उदाहरणं आहेत, पण त्या भरवशावर कुणी राहू नये हे तुम्ही सांगितलं होतं. व्यापारी दाव्यात तर 120 दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो.

तेव्हापासून तुमच्या सवयी माझ्या झाल्या आहेत. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या माझ्या प्रतीवर पोच घेते. तारखेहून परतताना रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या कोर्टातल्या नोंदीत, काय लिहिलं गेलं ते विचारून घेते. उद्या निकाल विरुद्ध लागलाच तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, आणि नक्कल मिळण्यात जाणारा वेळ त्यात धरत नाहीत. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीला समन्स आलं, तेव्हा मीही आधी तोच प्रश्न विचारला. हातात कधी पडलं?

दावा अजून चालू आहे. कोर्टाने कशाकशाचा निर्णय करायचा ते मुद्दे निघाले आहेत, आता दिरांची साक्ष सुरू होईल. उलटतपासणीसाठी वकीलताईंनी माझ्याकडून टिपणं मागितली आहेत, ती मी कलमवार लिहून काढली आहेत. सोमवारी घेऊन येते. सहाव्या कलमाजवळ एक जागा मोकळी सोडली आहे, तिथे काय लिहावं ते तुमच्याशी बोलून ठरवू.

आपली,
त्या दिवशी पिशवी घेऊन आलेली ताई