दाखल्यावरचं नाव वाचा

वकीलबाई,
सप्रेम नमस्कार.

मास्तरांनी मृत्युपत्रात वाचनालयाला ठेवलेले पैसे गेल्या आठवड्यात खात्यावर जमा झाले. पेढे आणले असते तर तुम्ही दारातूनच परत पाठवले असते, म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

मृत्युपत्राचा मसुदा करण्याआधी तुमचा एकच फोन आला होता. "नोंदणीचा दाखला हातात घ्या आणि नाव अक्षर न् अक्षर वाचा." पाटीवर 'सार्वजनिक वाचनालय', दाखल्यावर 'सार्वजनिक मोफत वाचनालय'. तो 'मोफत' कुठल्या पेंटरने गाळला कोण जाणे! दाखल्यावरचं नाव, धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक, पत्ता, सगळं तुम्ही उतरवून घेतलंत आणि मग विचारलंत, "पैसे कशाला हवेत?"

हे वाचनालयाला कुणी विचारत नाही हो. देणारा पुस्तकंच धरून चालतो. इथे कपाटं भरलेली आणि छप्पर गळतंय. तुम्ही मास्तरांशी बोललात आणि 'कायम निधी' न म्हणता 'त्या वेळी गरज असेल त्या कामासाठी' असं लिहिलंत. कायम निधी म्हटलं असतं तर मुद्दल ठेवीत अडकलं असतं, आणि व्याजातून छपराचा एक कोपराही झाकला गेला नसता.

याआधीच्या एका दात्याचं मृत्युपत्र ज्यांनी लिहिलं त्यांची आठवण येतेच. 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने' यात दीड पान, आणि दानाची ओळ एक: अमुक क्रमांकाची ठेव गावातल्या वाचनालयास. गावात वाचनालयं दोन! शिवाय ती ठेव दात्याने हयातीतच दवाखान्यासाठी मोडलेली. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार नेमून दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी उरलेलीच नसेल, तर ते दान संपतं. बदली रक्कम मिळत नाही. वारसांना काय बोल लावायचा? फी घेऊन दोन प्रश्न न विचारणाऱ्याला लावायचा.

तुम्ही ठेवीचा क्रमांक घातलाच नाहीत. 'देणी, औषधपाणी, अंत्यविधी भागवून उरेल त्याचा दहावा हिस्सा' म्हटलंत. मास्तरांच्या मनात शेतही द्यायचं होतं. तिथे अडवलंत, कारण वाचनालय काही शेतकरी नव्हे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देण्यावर बंधन घालणारं १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ मृत्युपत्रालाही आडवं येतं, असं गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलंय. नेत्रदानाची इच्छा वेगळ्या कागदावर लिहून घरच्यांच्या हाती दिलीत. मृत्युपत्र बहुधा दिवसकार्य उरकल्यावर उघडतात, आणि डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात.

साक्षीदार दोघं, दोघंही मास्तरांहून बरेच लहान, त्यातले एक त्यांचे डॉक्टर. वाचनालयाचा विश्वस्त साक्षीला नको, हेही तुम्हीच बजावलंत. बँकेत नॉमिनी असलेल्या पुतण्याला मास्तरांसमोर बसवून सांगितलंत की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे मृत्युपत्राप्रमाणेच वाटायचे. त्या पुतण्याने धनादेश स्वतः आणून दिला. वर चहाही घेतला नाही.

छपरावर नवे पत्रे पाडव्याआधी चढतील. पाटीवर 'मोफत' रंगवून घेतलंय, अक्षरं जरा दाटीवाटीची झालीत. कोर्टातून येताना वाट वाकडी करून बघून जा.

आपले,
वाचनालयाचे विश्वस्त मंडळ