आमच्या स्वच्छवाल्या ताईंना थँक्यू

ताई,
तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "काकू, डबा आणा आधी" म्हणून पुढच्या मजल्यावर निघून जाता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 'स्वच्छ' म्हणजे पुण्यातल्या कचरावेचकांची सहकारी संस्था, ताई तिच्यातर्फे दारावर कचरा न्यायला येतात.)

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याने मिळालं ते वन बीएचके, आणि इकडे माळा, बाल्कनी, पलंगाखाली सगळा आमचा अख्ख्या संसाराचा पसारा. मुलगा फोनवर म्हणतो आई सगळं टाकून दे, अरे पण टाकायचं कुठे? ते त्याला नाही माहीत, तुम्हाला माहीत होतं. असणारच, तुमच्या आईपण हेच काम करायच्या, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना निघाली तेव्हापासूनच्या.

सुट्टी मोडून आलात (पैसे आधी ठरवून घेतलेत, बरोबरच केलंत) आणि पहिल्यांदा कागदाला हात घातलात. ह्यांच्या ऑफिसच्या फायली, जुने दिवाळी अंक, पेपर. पांढरा कागद वेगळा, पेपर वेगळा, पुठ्ठा वेगळा, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. गाद्या फेकू नका म्हणालात, कापूस पिंजून परत भरून मिळतो. ट्यूबलाइट फोडायच्या नाहीत, आत पारा असतो. कॅसेट मात्र कोणीच घेत नाही म्हटल्यावर ह्यांचं तोंड एवढंसं झालं, त्या अजून पिशवीत बांधून पडल्यात आणि मी काही बोलत नाहीये.

भांड्यांना तर मजाच आली. तुम्ही लोहचुंबक काढलंत आणि आजेसासूबाईंची अस्सल पितळी म्हणून जपलेली समई त्याला चटकन चिकटली! आत लोखंड, वर नुसता मुलामा, आणि ह्या समईवरून घरात केवढी भांडणं झालीयेत. घंगाळ आणि हंडा मात्र खरंच तांब्याचे निघाले, तर तुम्हीच म्हणालात भंगारात घालू नका, नुसता मोडीचा भाव येईल, आधी कसब्यात तांबट आळीत दाखवा. स्वतःचा धंदा सोडून असं कोण सांगतं हो?

आणि कपडे. चांगल्या साड्या वेगळ्या काढल्यात, उसवलेले स्वेटर नि फाटक्या चादरी बाजूला सारून म्हणालात, "काकू, जे तुम्ही घालणार नाही ते आम्ही तरी कशाला घालू?" हे मला फार आवडलं. आपल्याकडे कचरावेचकांच्या पिशवीत काहीही कोंबायचं आणि वर दान केल्याचा आव आणायचा अशी पद्धतच पडलीये, कोणीतरी असं बोलायलाच हवं होतं. मऊ सुती लुगड्यांची मात्र गोधडी शिवून घेते, ती कल्पनापण तुमचीच.

आता एकच, महिनाअखेरीला आम्ही कोथरूडला जातोय, तिकडच्या बिल्डिंगला तुमच्यातलं कोण येतं ते विचारून ठेवा. अजून चार खोके उघडायचेत.

तुमची दुसऱ्या मजल्यावरची काकू